फक्कीने आखलेलं घर

पुण्यातल्या आमच्यासारख्या लहान आर्किटेक्टच्या ऑफिसात आज कधीही डोकावलं, तर टेबलावर बहुतेक रिडेव्हलपमेंटचंच काम पसरलेलं दिसेल. 1961च्या पानशेतच्या पुरानंतर शहर नदीकाठ सोडून सहकारनगर, गोखलेनगरकडे पसरलं. पुढे कोथरूडमध्ये सोसायट्या उभ्या राहिल्या, दोन-तीन मजल्यांच्या आणि बिनलिफ्टच्या. त्या इमारती आता थकल्या आहेत. स्लॅबचं कव्हर सुटून गंजक्या सळ्या दिसतात. ऐन उमेदीत कर्ज काढून ज्यांनी तिथे घर घेतलं, ते आज भाजीची पिशवी घेऊन प्रत्येक लँडिंगवर दम खातात. त्यांना नवी इमारत हवीच आहे, आणि ती करून देण्यात मला मनापासून समाधान वाटतं.

खंत आहे ती वेगळीच. सोसायटीच्या सभेत तास-दोन तास चर्चा चालते आणि ती फिरते एकाच प्रश्नाभोवती: जादा कार्पेट किती टक्के? हा आकडाही दिसतो तेवढा सरळ नसतो. रेरा कायद्याच्या व्याख्येत घरातल्या आतल्या भिंतींची जाडी कार्पेटमध्ये धरतात. जुनं घर मात्र खोलीत टेप लावून, भिंत ते भिंत मोजलेलं असतं. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की काही चौरस फूट नुसते कागदावरच वाढतात. म्हणून सोसायटीच्या बाजूने काम करताना जुनं आणि नवं एकाच रीतीने मोजलेला तक्ता मी पहिल्याच सभेत ठेवते. बाकीचं बोलणं त्यानंतर.

डिसेंबर 2020मध्ये यूडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली, आली आणि आमचे हिशेब बदलले. पूर्वी जिना, पॅसेज, बाल्कनी अशा गोष्टी ठरावीक अटींवर एफएसआयच्या, म्हणजे प्लॉटवर मंजूर होणाऱ्या बांधकामाच्या मोजणीच्या, बाहेर राहत. आता पी-लाइनच्या, म्हणजे मजल्याच्या बाहेरच्या कडेच्या, आतलं एफएसआयमध्ये मोजलं जातं, आणि त्यापोटी निवासी इमारतीला प्रीमियम भरून 60 टक्क्यांपर्यंत अ‍ॅन्सिलरी एफएसआय मिळतो. मोजणी सुटसुटीत झाली, हे चांगलंच झालं. पण लिफ्टसमोरची थोडी ऐसपैस जागा आता विक्रीच्या फुटांमधून कापली जाते. मी तिच्यासाठी भांडते. शेजारपाजार टिकतो तो त्या जागेत: किल्ली तिथेच दिली जाते, फराळाचं ताट तिथेच हातात पडतं, आणि वेळ आलीच तर स्ट्रेचरही तिथेच वळवायचं असतं.

पार्किंगचंही तसंच. एका गाडीला अडीच बाय पाच मीटर जागा धरली की खांब कुठे यायचे ते गाड्याच ठरवतात, आणि वर तोच खांब कुणाच्या तरी बेडरूममध्ये कपाटाच्या जागी उगवतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरबरोबर एकेका खांबासाठी मी अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

कोथरूडच्या एका सोसायटीत विकसकाने दिलेला प्लॅन सगळ्यांना पसंत होता. पडद्यावर रंगीत चित्र होतं, त्यात सोफा होता, कुंड्या होत्या. मी समितीला एक रविवार मागितला. गच्चीवर दोरी धरून, फक्की मारून टू बीएचकेचा एक फ्लॅट खऱ्या मापात आखला. दारांच्या जागा मोकळ्या सोडल्या, खिडक्यांच्या जागी विटा मांडल्या, ओट्यासाठी जुनं बाकडं आणून ठेवलं. मग सभासदांना सांगितलं, आत या.

वॉकर घेऊन चालणारे एक काका हॉलमधून बेडरूमकडे निघाले. पॅसेजच्या वळणावर वॉकर फक्कीच्या रेघेवर गेला. त्यांनी मागे घेतला, तिरका केला, पुन्हा रेघेवर. बाथरूमचं दार आत उघडणारं होतं. आतलं माणूस पडलं तर दार ढकलायचं कसं, हे त्यांनीच विचारलं. तोवर एक काकू बाकड्यापाशी उभ्या राहिल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मॅडम, ही खिडकी कशावर उघडते?" मी म्हटलं, "डक्टवर." त्या जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. "म्हणजे दिवसासुद्धा दिवा लावूनच कुकर लावायचा?"

प्लॅन नियमांत बसणारा होता, आणि नियमांत बसणारं प्रत्येक घर राहायला चांगलं असतंच असं नाही. त्या रविवारी ते सगळ्यांना पायांनी कळलं. पुढच्या बैठकीत सभासदांनी स्वतःच बदल मागितले. बाथरूम डक्टकडे गेलं, स्वयंपाकघराला बाहेरची भिंत मिळाली, पॅसेज रुंद झाला, दार बाहेर उघडू लागलं. त्यासाठी हॉल थोडा आखडला. कार्पेटचा आकडा तेवढाच राहिला.

4 जुलै 2019च्या शासन निर्णयानुसार पुनर्विकासासाठी एकूण सभासदांपैकी किमान 51 टक्क्यांची संमती पुरते. म्हणजे तुमच्या एका मताला फार वजन आहे. ते देण्याआधी फर्निचर मापात काढलेला प्लॅन मागा, तुमचं स्वयंपाकघर कशावर उघडतं ते विचारा, आणि तोच प्लॅन सहीशिक्क्यानिशी करारनाम्याला जोडून घ्या. गच्ची तुमचीच आहे, आणि फक्कीची पिशवी कुठल्याही बांधकाम सामानाच्या दुकानात मिळते.