मालकीण, पण संघाच्या बाजूने

गिरगावातल्या एका तीन मजली चाळीत माझा पाचवा हिस्सा आहे. छत्तीस बिऱ्हाडं, तळाला चार दुकानं, मागे थोडी मोकळी जागा. हे आधीच सांगितलेलं बरं. भाडेकरूंच्या संघटनेबद्दल पुढे जे लिहिते आहे ते एका मालकिणीने लिहिलं आहे, हे वाचणाऱ्याला ठाऊक असावं. आणि हीच मालकीण बरीच वर्षं या संघटनांच्या नावाने बोटं मोडत होती, हेही.

बोटं मोडायला कारण होतं. आजोबांनी चाळ घेतली तेव्हा दहा बाय बाराच्या खोलीचं भाडं ११ रुपये होतं. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० चं भाडं हेच प्रमाण भाडं ठरवलं आणि तिथेच गोठवलं. मी शाळेत असताना बाबा महिन्याच्या पहिल्या रविवारी पावतीपुस्तक आणि कार्बन पेपर पिशवीत टाकून पार्ल्याहून गिरगावात जायचे, तेव्हाही मूळ भाडं ११ रुपयेच होतं. वर दुरुस्ती उपकर आणि पालिकेचे कर, एवढंच. सणासुदीला चकल्या मिळायच्या त्या वेगळ्या. पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली. ११ रुपयांचे ४ टक्के म्हणजे ४४ पैसे. बाबांनी त्या दिवशी पेपर घडी करून ठेवला आणि काही बोलले नाहीत.

मी बँकेत, कर्ज विभागात होते. आकडे तोंडपाठ असायचे आणि नातेवाइकांच्या जेवणात मी ते मांडायचे. सर्वोच्च न्यायालयानेच १९९७ साली मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात म्हटलं की इतकी वर्षं भाडं गोठवून ठेवणं न्याय्य राहिलेलं नाही. १९७३ साली कायदा दुरुस्त करून तेव्हाच्या लायसन्सधारकांना एका फटक्यात संरक्षित भाडेकरू केलं; तेव्हापासून मुंबईच्या मालकाने असा धसका घेतला की फ्लॅट कुलूपबंद पडू दे, पण कोणाला द्यायला नको. २०११ च्या जनगणनेत देशातल्या शहरांत १ कोटी १० लाखांच्या आसपास घरं रिकामी सापडली. हे सगळं मी घडाघडा सांगायचे आणि शेवटी म्हणायचे, यावर ज्यांचं पोट भरतं ते हे संघवाले. आमच्या चाळीच्या जिन्यात ऑइलपेंटने रंगवलेली ‘भाडेकरू संघ’ ही पाटी दिसली की माझं डोकं फिरायचं.

सगळ्यात मोठा घाव १९८६ चा. त्या वर्षी म्हाडा कायद्यात एक प्रकरण घातलं गेलं, आठ-अ. उपकरप्राप्त इमारतीतल्या ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था करून मागणी केली, तर सरकार ती इमारत संपादित करून त्यांना देऊ शकतं, आणि मालकाला मोबदला मासिक भाड्याच्या शंभरपट. हिशेब करा. आमच्या छत्तीस खोल्यांचं मूळ भाडं महिन्याला ३९६ रुपये. शंभरपट म्हणजे ३९,६०० रुपये. गिरगावातल्या अख्ख्या चाळीचे. याविरुद्ध मालकांच्या संघटनेने कोर्टात धाव घेतली. बाबांचे स्नेही त्यात वर्गणी द्यायचे, बाबाही द्यायचे. संघटना करावी तर मालकांनी, भाडेकरूंनी केली की ती दादागिरी, असा तो सरळ न्याय होता, आणि त्यात मला काही खटकत नव्हतं.

पहिला तडा गेला तो शेजारच्या इमारतीमुळे. तिथे संघ नव्हता. मालक हुशारीने म्हणायचे, आमच्याकडे राजकारण नाही. बिल्डरची माणसं संध्याकाळी एकेका दाराशी जाऊन संमतीपत्रावर सही घेत होती. एकाला सांगितलं तीनशे फूट, दुसऱ्याला साडेतीनशे, तिसऱ्याला गपचूप वर काही रोख. प्रत्येक जण शेजाऱ्यापासून आपला सौदा लपवून बसला. इमारत पाडली. वर्ष-दीड वर्ष बिल्डरकडून पर्यायी जागेचं दरमहा भाडं आलं, मग उशिरा यायला लागलं, मग थांबलं. कोणी नालासोपाऱ्याला, कोणी बदलापूरला, कोणी सासरी. पत्र्याच्या कुंपणाआड खड्ड्यात पाणी साचतं, पालिकेचे लोक डासांची औषधं मारून जातात. आणि ते मालक? त्यांच्या करारातले उरलेले हप्तेही बुडाले. बिल्डरवर बँकांचे दावे आहेत, प्लॉट गहाण आहे. एकदा ठाकूरद्वारच्या नाक्यावर भेटले, म्हणाले, “भाडेकरूंनी एक होऊन कामच अडवलं असतं ना, तर बरं झालं असतं.” मी मान डोलावली, पण घरी आल्यावर ते वाक्य जेवताना घशात अडकलं. मालकाच्या तोंडी असं वाक्य मी पहिल्यांदा ऐकत होते.

मग आमच्या चाळीची पाळी आली. आम्ही पाच वारस: एक न्यू जर्सीत, एक डोंबिवलीत, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, आणि मी. बिल्डरने चाळीच्या मागच्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडून सभा घेतली. पडद्यावर चित्रं, लिफ्ट, गणपतीसाठी हॉल. आम्हाला पुढच्या रांगेत बसवलं. प्रस्ताव मी घरी वाचून आले होते आणि मला तो बरा वाटला होता. सभा संपता संपता दुसऱ्या मजल्यावरच्या काकू उठल्या. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, संघाच्या खजिनदार. हातात कराराच्या मसुद्याची झेरॉक्स, समासात पेन्सिलीच्या खुणा, आणि चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. भाड्याची बँक गॅरंटी किती महिन्यांची आणि कोणाच्या नावावर? एकेकाच्या का संघाच्या? ‘बांधकाम सुरू झाल्यापासून छत्तीस महिने’ असं लिहिलंय, पण सुरू कधी होणार त्याची तारीख कुठाय? सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी, मिळाल्याशिवाय खोल्या रिकाम्या करून मागू नका, हे कलम का गाळलं? प्लॉट गहाण टाकायचा झाला तर आमच्या जागांचं काय? नव्या इमारतीचा देखभाल खर्च परवडेल इतका कॉर्पस, म्हणजे ठेव-निधी, कुठून येणार? रिटायर माणसं आहेत, ती पहिल्याच वर्षी घर विकून जातील.

मी तीस वर्षं कर्जाची प्रकरणं तपासली आहेत. हे प्रश्न माझ्या हाताखालच्या अधिकाऱ्याने काढले असते तर मी त्याची शिफारस केली असती. मसुदा मीही वाचला होता. आमच्या पाच जणांचे पैसे कधी येणार तेवढंच बघून. छत्तीस घरांनी वर्गणी काढून वकील लावला होता, मागच्या खोलीतल्या एका आर्किटेक्ट मुलाकडून क्षेत्रफळं मोजून घेतली होती, आणि मी ज्याला दादागिरी म्हणत होते ती ही होती.

सभेनंतर जिन्यात गाठ पडली. मी म्हटलं, “काकू, तुम्ही माणसाला पार घाम फोडलात.”

“अगं, मालकीण तू,” त्या म्हणाल्या, “पण जुलैत त्या तुळईखाली झोपतो आम्ही. टेकू बघितलेस का वरचे?”

बघितले नव्हते. तेव्हा बघितले. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत चार लोखंडी टेकू, त्यांच्यावर वाळत घातलेले टॉवेल, आणि टेकूंना वळसा घालून जायची मुलांना झालेली सवय. भेंडीबाजारातली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ ला पडली, डोंगरीतली केसरबाई १६ जुलै २०१९ ला, फोर्टातली भानुशाली बरोबर त्याच तारखेला एका वर्षाने. या तारखा मी पेपरात वाचल्या होत्या. काकूंनी त्या वहीत लिहून ठेवल्या होत्या, शेवटच्या पानावर, म्हाडाच्या रिपेअर बोर्डाला पाठवलेल्या पत्रांच्या जावक क्रमांकांखाली.

त्यांच्याकडूनच मला कायद्याची दुसरी बाजू कळली, तीही चहा गाळता गाळता. १९९९ च्या कायद्याप्रमाणे जागा राहण्याजोगी ठेवणं हे मालकाचं काम. नोटीस देऊनही त्याने केलं नाही, तर भाडेकरूने करावं आणि खर्च भाड्यातून कापावा. पण वर्षाला भाड्याच्या पाव हिश्शाहून जास्त नाही. ११ रुपयांच्या खोलीला ते होतात वर्षाचे ३३ रुपये. म्हणजे ज्या गोठलेल्या भाड्याने आमचे हात बांधले, त्यानेच त्यांचेही बांधले. हे इतकं साधं गणित मी इतकी वर्षं एकाच बाजूने मांडत होते. मग इमारत उभी कशी राहिली? छत्तीस घरांनी वर्गणी काढून, रिपेअर बोर्डाच्या कचेरीत खेटे घालून, संडासाचे पाइप, जिन्याच्या पायऱ्या, गच्चीचं डांबर एकेक करून घेतलं म्हणून. माझ्या पाचव्या हिश्शाची आज जी काही किंमत आहे ती जमिनीमुळे आहे हे खरं, पण ती चाळ आजवर कोणाच्या डोक्यावर पडली नाही, हे श्रेय आमच्या घराण्याचं नाही.

माझं मत सगळंच बदललंय असं मात्र नाही. भाडं साठ वर्षं गोठवणं वाईट होतं, हे मी आजही म्हणते. आमच्याच चाळीत दोन बिऱ्हाडं अशी आहेत, की आम्हाला कर-उपकर धरून महिन्याला दीडशे रुपये देतात आणि तीच खोली बाहेरच्याला काही हजारांनी देऊन स्वतः ठाण्यात राहतात. संघ त्यांना काही बोलत नाही, कारण वर्गणी वेळेवर देतात. पागडीची खोली विकली की साधारण एक तृतीयांश रक्कम मालकाला द्यायची ही मुंबईची रीत. त्यातही विक्रीचा आकडा कमी सांगण्यात संघाचे लोक पटाईत असतात. (आम्हीही पावती मुलाच्या नावावर करून द्यायला पैसे घेतलेच आहेत, तेव्हा फार बोलत नाही.) बिल्डरने संघाचा सेक्रेटरी फोडला आणि एका चाळीत दोन कमिट्या झाल्या, हे तर लालबाग-परळपासून ताडदेवपर्यंत कुठेही ऐकायला मिळतं. आता पुनर्विकासाला ५१ टक्के संमती पुरते, म्हणजे फोडायची माणसं आणखी कमी. संघ म्हणजे संतांची मांदियाळी, असं माझं म्हणणं नाही. पण कमिटी फुटली तर निवडणूक घेऊन बदलता येते. आमच्याकडे तशी ती एकदा बदललीही. एकटं बिऱ्हाड फुटलं तर बदलायला काहीच नसतं.

५ नोव्हेंबर २०२४ ला मालकांच्या संघटनेच्या त्या जुन्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला, की प्रत्येक खासगी मालमत्ता म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९(ब) मधलं समाजाचं भौतिक साधन नव्हे. आमच्या भावंडांच्या ग्रुपवर पेढ्यांची चित्रं आली. निकाल मला पटला, ३९,६०० रुपयांत चाळ जाऊ नये असंच मला वाटतं. पण त्या दिवशी मी काकूंना फोन केला, आणि बिल्डरचा नवा मसुदा आला का ते विचारलं. आला होता. बँक गॅरंटीचं कलम घातलं होतं, तारखेचं नव्हतं. आम्ही पाच वारसांनी, त्यातल्या न बोलणाऱ्या दोघांसकट, लेखी कळवलं की संघाची कलमं मान्य झाल्याशिवाय आमचीही सही नाही. हे पत्र मी लिहिलं. आमच्या घराण्याच्या कागदपत्रांत असं पत्र पहिलंच. तारखेचं कलम पुढच्या मसुद्यात आलं.

याहून मला जास्त अस्वस्थ करते ती वेगळीच गोष्ट. काकूंना संघ आहे, कारण त्यांची मुळं तिथे पन्नास-साठ वर्षांची आहेत आणि कायदा त्यांच्या पाठीशी आहे. माझी मुलगी पुण्यात राहते, लीव्ह अँड लायसन्सवर, अकरा महिन्यांच्या करारावर. मुदत संपून एक दिवस जास्त राहिली तर दुप्पट दराने भरपाई, असं कायदाच म्हणतो. दर वर्षी एजंटला एक महिन्याचं भाडं, दर वर्षी वाढ, घर सोडताना डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले ते वेगळेच. लग्न झालंय का, मांसाहार करता का, मित्र येतात का, हे प्रश्न आहेतच. तिच्या इमारतीत निम्मी घरं अशीच भाड्याची असतील. ती एकमेकांना लिफ्टमध्ये हसतात आणि अकरा महिन्यांनी वेगळी होतात. कोण किती भाडं देतं हे कोणी कोणाला सांगत नाही. शेजारच्या त्या पाडलेल्या इमारतीत हेच चाललं होतं.

आणि मी तरी काय करते? बोरिवलीचा माझा दुसरा फ्लॅट अशाच करारावर दिलेला आहे. दर नूतनीकरणाला १० टक्के वाढवते. भाडेकरू जोडपं मुकाट्याने देतं, कारण तेवढ्यातच दुसरीकडे मिळेल का हे विचारायला त्यांच्याकडे कोणी नाही. या खेपेला वाढ निम्मी केली. पण ती माझ्या मर्जीने. त्यांनी मागून घेतली असती तर ती गोष्ट वेगळी झाली असती, आणि मला ती आवडली नसती, हेही खरं आहे.

अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्या वाचकांना एवढंच सांगते: तुमच्या इमारतीत भाड्याने राहणारी घरं कोणती, ते वॉचमनला विचारून घ्या. एका रविवारी त्यांना चहाला बोलवा. भाडं, डिपॉझिट, सोडताना काय कापलं, हे एकमेकांना खरं सांगा आणि एका वहीत लिहून ठेवा. मालकाला आवडणार नाही. तरीही करा.