मोरवा : मिठाच्या गावात टर्बोचं पाणी

मुंबईकराची वीकेण्डची व्याख्या सोपी असते. गाडी काढायची आणि जिथे गाड्या नाहीत अशा ठिकाणी जायचं. पंचाईत अशी, की सगळेच हे करतात. त्यामुळे लोणावळ्याला पोचेपर्यंत रविवार संपलेला असतो. म्हणून या वेळी जवळचा, बिनगर्दीचा एक पत्ता देतो. मोरवा.

कुठे आलं हे? भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेला बाहेर पडा आणि उत्तनचा रस्ता धरा. टॉवर आणि फरसाणची दुकानं मागे पडली, की मुर्धा लागतं, मग राई आणि मग मोरवा. पुढे डोंगरी, उत्तन आणि समुद्र. बहुतेक मंडळी उत्तनच्या वाऱ्यासाठी आणि मासळीसाठी या रस्त्याने सुसाट जातात. मोरवा त्यांना फक्त गाडीच्या काचेतून दिसतं. आम्ही मात्र थांबलो. कारण आमच्या एका गाडीवेड्या दोस्ताचं आजोळ इथे आहे, आणि मामाच्या अंगणात त्याची लाडकी टर्बो हॅचबॅक बॉनेट उघडून उभी होती.

खाडी, खारफुटी, खारं वारं

गाव तसं छोटं. जुनी कौलारू घरं, त्यांच्या शेजारी नवे स्लॅबचे मजले, ओट्यावर वाळत घातलेली मासळी. आगरी वस्तीचा हा पट्टा. ‘आगर’ म्हणजे मिठागरही, हे इथे आल्यावर नीट कळतं. भाईंदर पश्चिमेची ओळख एकेकाळी मिठागरांनीच होती. आता बरीचशी बंद पडली, काहींवर सिमेंट चढलं. तरी बांध, उथळ वाफे आणि पलीकडची खारफुटी बघत सकाळी अर्धा तास चाललात, तर आपण मुंबईच्या लोकलच्या टप्प्यात आहोत यावर विश्वास बसत नाही.

मामांनी तरुणपणी मिठागरात काम केलंय. त्यांनी आम्हाला बांधावरून फिरवत सगळा कारभार समजावला. भरतीचं खाडीचं पाणी आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवायचं, उन्हाने ते आटत न्यायचं. शेवटच्या वाफ्यात पाणी जातं, मीठ खाली बसतं, मग ते ओढून ढीग लावायचे. पावसाळा संपला की कामाला सुरुवात आणि पुढच्या पावसाआधी आवराआवर.

तुम्ही म्हणाल, ट्रॅव्हलच्या पानावर टर्बो कुठून आला? सांगतो. पाणी आटताना नेमकं काय होतं, या एका गोष्टीवर आमच्या दोस्ताचं इंजिन वाचतं की फुटतं, हे ठरलं होतं.

गरम हवेचं गणित

सायकलच्या पंपाने हवा भरली असेल, तर पंपाचं तोंड गरम झालेलं तुम्हाला आठवेल. हवा दाबली की तापते. टर्बो हेच करतो, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. जास्त हवा कोंबली की जास्त पेट्रोल जाळता येतं, म्हणून पॉवर वाढते. पण हवा फार तापलेली असेल, तर सिलिंडरमध्ये काही मिश्रण वेळेआधी, आपल्या आपण पेटतं. याला मेकॅनिक मंडळी नॉकिंग म्हणतात. कानाला ती डब्यात खडे हलवल्यासारखी टकटक ऐकू येते. पिस्टनला मात्र तो हातोडा असतो.

इंटरकूलर ही हवा थंड करतो, पण मे महिन्यातल्या घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तोही घामाघूम होतो. तेव्हा काही हौशी मंडळी एक जुनी युक्ती वापरतात. इंटरकूलरच्या पुढे, थ्रॉटलच्या आधी एक बारीक नोझल बसवायचा आणि बूस्ट चढला की त्यातून पाण्याचा, किंवा पाणी आणि मिथेनॉलच्या मिश्रणाचा, बारीक फवारा मारायचा. एक किलो पाण्याची वाफ व्हायला साधारण २,२५० किलोज्यूल उष्णता लागते. मिथेनॉलला तिच्या निम्मी, तर पेट्रोलला जेमतेम सहावा-सातवा हिस्सा. म्हणजे ही माठातल्या गार पाण्याचीच ट्रिक झाली. पण मुंबईच्या दमट हवेत आपला घाम वाळत नाही, मग हे पाणी कसं वाळणार? बरंचसं पाणी सिलिंडरच्या आत, हवा दाबली जाताना वाफ होतं. तिथल्या तापमानापुढे आपला दमटपणा किस झाड की पत्ती!

युक्ती नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन आणि जर्मन लढाऊ विमानांनी काही मिनिटांच्या जादा ताकदीसाठी ती वापरली. जेटच्या जमान्यातही ती सुटली नाही. इंडियन एअरलाइन्सने १९५७ मध्ये घेतलेली व्हायकाउंट विमानं आठवतात? निदान वडीलधाऱ्यांना आठवतील. त्यांची रोल्स-रॉइस डार्ट इंजिनं टर्बाइनची होती. गरम हवेत टेकऑफची ताकद कमी पडू नये, म्हणून डार्टमध्ये पाणी-मिथेनॉलची सोय असे.

ती टकटक

आमच्या दोस्ताने किट मागवलं, बसवलं आणि लॅपटॉप लावून बूस्ट वाढवून घेतला. पहिले दोन महिने स्वारी हवेत होती. टाकीतलं पाणी संपलं तेव्हा तो मोरव्यात होता. मामांच्या अंगणातल्या नळाचं पाणी भरलं, झालं. पाणी ते पाणी!

पुढच्या आठवड्यात कसारा घाटात, भर चढावर, टकटक सुरू झाली. त्याने पाय उचलला, पण उशीर झाला होता. इंजिन उघडलं तेव्हा एका पिस्टनची कड तुटलेली निघाली. नोझलच्या तोंडाशी पांढरा खडा जमला होता. फवारा कधीच बंद पडला होता आणि गाडीला त्याचा पत्ताच नव्हता. फवारा चालू आहे असं गृहीत धरून ती भरपूर बूस्ट देत राहिली.

तो पिस्टन आता मामांच्या ओट्यावर कागद दाबायला आहे. नोझल मामांनी हातात घेतला, नखाने खरवडला आणि हसून म्हणाले, “अरे, पानी जातं, मीठ ऱ्हातं. आमी जनमभर दुसरा काय केला?”

इतकं साधं आहे हे! नळाच्या पाण्यातले क्षार, बोअरच्या पाण्यातले त्याहून जास्त, गरम नोझलवर आटून बसतात. म्हणून टाकीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं. बॅटरीत घालतो तेच. वायपरसाठीचं साबणाचं पाणी नको, फिल्टरचं तर नकोच नको. शिवाय नोझलच्या आधी बारीक जाळी बसवायची आणि नोझल अधूनमधून काढून बघायचा.

जेटफायरची गोष्ट

पण स्वच्छ पाणी हा धड्याचा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा अमेरिकेतल्या ओल्ड्समोबिल कंपनीने १९६२ मध्येच शिकवून ठेवलाय. तिची जेटफायर ही जगातल्या पहिल्या टर्बो पॅसेंजर गाड्यांपैकी एक. ३.५ लिटरचं व्ही-एट इंजिन, २१५ हॉर्सपॉवर आणि सोबत एक छोटी टाकी. त्यात ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ भरायचं. नाव झकास, आत डिस्टिल्ड वॉटर, मिथेनॉल आणि थोडं गंजरोधक. कंपनी शहाणी होती. टाकी रिकामी झाली, की एक झडप बूस्ट अडवायची आणि इंजिन वाचायचं. पण मालक टाकी भरायला विसरायचे आणि गाडी ओढत नाही म्हणून तक्रार करायचे. दोन वर्षांत साडेनऊ हजारांच्या आसपास गाड्या बनल्या आणि मॉडेल बंद झालं. पुढे कंपनीने अनेक मालकांच्या गाड्यांचा टर्बोच काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला.

हसू नका. ते मालक विसराळू होते, पण त्यांची इंजिनं शाबूत राहिली. आमच्या दोस्ताच्या गाडीत ती झडपच नव्हती. २०१६ मध्ये बीएमडब्ल्यूने एम-फोर जीटीएस आणली, तिच्या डिकीत पाच लिटरची पाण्याची टाकी होती. तिथेही हाच नियम. पाणी संपलं, की इंजिन आपणहून बूस्ट आणि टायमिंग मागे घेतं. असलं किट घेताना किती हॉर्सपॉवर वाढेल हे सगळे विचारतात. त्याआधी पाणी बंद पडलं तर गाडी काय करेल, हे विचारा. दुकानदाराला उत्तर देता आलं नाही, तर चहा पिऊन घरी जा.

ती बाटली

दुपारी जेवायला बसलो. तांदळाची भाकरी, बोंबलाचं कालवण. तेवढ्यात मामांची नजर ओट्याच्या कोपऱ्यात गेली. तिथे मिनरल वॉटरच्या दोन बाटल्या होत्या. नितळ पाण्यासारखं काहीतरी भरलेल्या.

“ह्या बाटलीन काय हाय रं?”

“मिथेनॉल, मामा. पाण्यात अर्धं मिसळायचं. तू हात लावू नकोस,” आमचा दोस्त सहज म्हणाला. केमिकल कंपनीतल्या एका ओळखीच्याकडून त्याने ते आणलं होतं.

मामांनी हातातला घास खाली ठेवला. ओट्यावर त्यांची दोन नातवंडं खेळत होती, धाकटी तीन वर्षांची.

इथून दक्षिणेला गोराई, मनोरी ओलांडलं, की खाडीपलीकडे मालाडची मालवणी. जून २०१५ मध्ये तिथे विषारी दारूने शंभरहून जास्त माणसं गेली. त्या दारूत मिथेनॉल होतं. दिसायला पाण्यासारखं, वासाला दारूसारखं. पोटात गेल्यावर शरीर त्याचं फॉर्मिक आम्ल बनवतं. ते डोळ्यांच्या नसा जाळतं आणि मग जीव घेतं. थोडक्यात बचावलेल्यालाही आंधळं करून सोडतं. कातडीतून शिरतं, वाफेतूनही शिरतं. म्हणूनच कायद्याच्या लेखी ते विष आहे आणि साठवायला, विकायला परवाना लागतो. आणि ते आपण पाण्याच्या बाटलीत भरून ओट्यावर ठेवतो!

मामा ओरडले नाहीत. उठले, दोन्ही बाटल्या उचलून माळ्यावर ठेवल्या, हात साबणाने धुतले आणि म्हणाले, “आजच नेऊन दे.” मग परत जेवायला बसले. आमच्या दोस्ताचा चेहरा पांढरा पडला होता.

संध्याकाळी तो बाटल्या घेऊन निघाला, कागदावर ‘विष’ लिहून, चिकटवून. गटारात ओतायचा विचार त्याच्या मनात आला होता, पण इथलं गटार खाडीत जातं आणि खाडीवर गाव जेवतं. माल आला तिथेच परत गेला.

मग सेफ काय?

एक मुद्दा आमच्याही डोक्यात तेव्हाच आला. मिश्रणात मिथेनॉल का घालतात? एक कारण असं, की ते स्वतः जळतं आणि नॉकिंग रोखतं. दुसरं मोठं कारण म्हणजे थंड देशात, किंवा उंचावरच्या विमानात, पाणी गोठू नये. मोरव्यात पाणी गोठेल तो दिवस आपल्या पणतवंडांनाही दिसायचा नाही! म्हणजे अर्धं कारण भाईंदरला पोचण्याआधीच संपलं. एम-फोर जीटीएससुद्धा नुसत्या पाण्यावर चालायची. उलट मिथेनॉलवर भिस्त ठेवून पेट्रोल कमी केलं आणि फवारा थांबला, तर इंजिन उपाशी पडतं आणि आणखी लवकर फुटतं. शिवाय अर्धं-अर्धं मिश्रणही आपल्याकडच्या उन्हाळ्यात पेट घेऊ शकतं, आणि मिथेनॉलची ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही.

तेव्हा हौस असेलच, तर आमच्या दोस्ताने इंजिन गमावून शिकलेलं हे फुकटात घ्या :

– गाडी आधी फवाऱ्याशिवाय सेफ चालेल अशी ट्यून करा. पाणी हा जादा आधार, पाया नव्हे.

– टाकीत पातळीचा आणि पाइपमध्ये प्रवाहाचा सेन्सर हवा. प्रवाह तुटला की बूस्ट आपोआप उतरला पाहिजे. नुसता लाल दिवा पुरत नाही. घाटात डॅशबोर्डकडे कोण बघतं?

– नोझलजवळ बंद होणारा व्हॉल्व्ह हवा. नाहीतर गाडी उभी असताना इंजिन पाणी ओढून घेतं. सिलिंडरमध्ये पाणी साचलं, की स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकतो. पाणी दाबलं जात नाही, वाकतो तो रॉड.

– फवारा फक्त बूस्ट चढल्यावर सुरू व्हावा, बूस्टबरोबर वाढावा. नोझल हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या आधी नको.

– मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल सांगतो, की कंपनीच्या मूळ तपशिलाला छेद देणारे बदल चालत नाहीत. आधी आरटीओ आणि विमा कंपनीला विचारा. वॉरंटी गेलीच समजा.

आमच्या दोस्ताने काय केलं? नवा पिस्टन घातला, बूस्ट खाली आणला, टाकीत डिस्टिल्ड वॉटर भरलं आणि प्रवाहाचा सेन्सर लावला. नंतर मुद्दाम पंपाची वायर काढून बघितली. बूस्ट उतरला. गाडी पूर्वीइतकी पळत नाही. पण निघताना मामा पहिल्यांदाच तिच्यात बसले आणि मुर्ध्यापर्यंत आले.

कसं जाल?

पश्चिम रेल्वेने भाईंदर. स्टेशनच्या पश्चिमेहून उत्तनकडे जाणारी पालिकेची बस किंवा रिक्षा. गाडीने आलात तर काशिमिऱ्याहून भाईंदर पश्चिम आणि पुढे तोच रस्ता. मिठागरं बघायची तर उन्हाळ्याच्या सुरुवातीला, सकाळी लवकर या. बांधावर पाय ठेवण्याआधी काम करणाऱ्यांना विचारा. टोपी आणि पाण्याची बाटली हवीच. बाटलीत पाणीच असू द्या.