भोरड्यांचं वैर

भोरड्यांचं नाव आमच्या घरात कुणी चांगल्या तोंडानं घेतलं नाही. पौषात टाळकी ज्वारीचा दाणा चिकात आला की त्या रानावर यायच्या. आधी आसना नदीच्या अंगानं आभाळात एक डाग दिसायचा. तो लांबायचा, आखडायचा, उलटायचा आणि बघता बघता सगळाच्या सगळा आमच्या रानात ओतला जायचा. एकेका कणसावर दोन-दोन, तीन-तीन. कणीस वाकायचं, धाट मोडायचं, दाण्याचा दूध-चिकटा चोचींना लागायचा. थवा उठला की मागं भुंडी कणसं राहायची आणि वडलांच्या तोंडातली शिवी.

शिवडीला लोक रोहित बघायला जातात. पैठणला नाथसागरावर हिवाळ्यात हिमालय ओलांडून पट्टकादंब येतात, तिथंही दुर्बिणी घेतलेली माणसं असतात. अर्धापूरच्या आमच्या शिवारात समुद्रही नव्हता आणि तसं पाणीही नव्हतं. आमच्याकडचा परदेशी पाहुणा थेट पिकावर उतरायचा आणि त्याला बघायला गोफण लागायची.

गोफण आत्याची होती. लग्नानंतर काही वर्षांतच नवरा गेला आणि ती माहेरी आली, ती कायमचीच. घरात तिला तसं ठरलेलं काम नव्हतं, म्हणजे सगळीच कामं होती. पण पौष-माघात पाखरं हाणायचं काम मात्र फक्त तिचं. आखाड्यापासून थोड्या अंतरावर चार मेढी रोवून माळा बांधलेला असे. दिवस उगवायच्या आधी ती त्यावर चढायची. पदर कमरेला खोचलेला, शेजारी चिखलाचे वाळवलेले गुंडे, एक रॉकेलचं रिकामं डबडं आणि फडक्यात बांधलेली भाकर.

गोफण ती स्वतः वळायची. धुऱ्यावर अंबाडी असायचीच. तिची धाटं नाल्यात भिजत घालायची, कुजली की साल सोडवायची, धुऊन वाळवायची आणि मांडीवर पीळ देत बसायची. एका टोकाला बोटात अडकवायचा फास, मधे गुंड्यासाठी विणलेला खोलगट झोळ, दुसऱ्या टोकाला मोकळी दोरी. डोक्यावरून दोन फेरे घेऊन मोकळं टोक सोडलं की गुंडा सूं करत जायचा. पण पाखरं गुंड्यापेक्षा दोरीच्या शेवटाला भ्यायची. तो शेवट हवेत असा कडाडायचा की पलीकडच्या आखाड्यावरचं कुत्रं भुंकायचं. फासानं तिच्या उजव्या हाताच्या बोटाला घट्टा पडलेला होता. मी लहानपणी तो दाबून बघायचो. तिला त्यातलं काही जाणवायचं नाही.

तिच्या शिव्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. ‘मुडदा बशिवला तुमचा’ ही त्यातली सगळ्यात सोवळी.

पण भोरड्यांबद्दल मला जे माहीत आहे, त्यातलं निम्मं तिच्याकडून आलेलं आहे. वैऱ्याइतकं बारीक कुणी बघत नाही. थवा उतरायच्या आधी एक-दोन भोरड्या पुढं येऊन बाभळीच्या शेंड्यावर बसतात, त्या बसल्या की गुंडा भरायचा. ऊन चढलं की त्या पाण्याला जातात, तेवढ्यात भाकर खाऊन घ्यायची. संध्याकाळी नाल्यातल्या बाभळींवर मुक्कामाला कालवा करतात तेव्हा गुंडा वाया घालवायचा नाही. हे तिनं कधी शिकवलं नाही. माळ्यावर तिच्याजवळ बसून ते आपोआप कळत गेलं. मारुती चितमपल्लींनी जन्मभर रानातल्या माणसांशी बोलून पाखरांची नावं गोळा केली आणि त्यांचा कोश केला. त्यात भोरडी सापडली तेव्हा मला आधी आत्याचाच आवाज ऐकू आला. २०२५च्या जूनमध्ये चितमपल्ली गेले. ते आमच्या धुऱ्यावर आले असते तर आत्यानं त्यांना आधी गोफण हातात दिली असती आणि मग बोलली असती.

माघ सरता सरता ज्वारी काढली जायची. कडब्याच्या सुड्या रचल्या जायच्या, खळ्यावर रास पडायची. आता राखण संपलेली. तरी आत्या बांधावर जाऊन उभी राहायची. तेव्हा पळस पेटलेला असायचा. पांगारा, काटेसावर दोन्ही फुललेले. भोरड्या दिवसभर त्या फुलांत डोकी खुपसून बसायच्या आणि बाहेर यायच्या त्या कपाळाला पिवळा पराग लावून. हिवाळाभर मळकट दिसणारं अंग आता लख्ख गुलाबी, त्यावर काळं डोकं, काळे पंख, डोक्यावर मागं पडलेला तुरा. आत्या म्हणायची, “रंगल्या बग. पळस पिऊन रंगल्या. आता ऱ्हात न्हाईत.”

पुढं शिकायला नांदेडला गेल्यावर पुस्तकात वाचलं. हिवाळ्यात त्यांच्या पिसांची टोकं फिकी, तपकिरी असतात. ती झिजत जातात आणि खालचा गुलाबी रंग उघडा पडतो. तो रंग विणीचा. म्हणजे पळसाचं श्रेय काढून घ्यावं लागतं; पण रंगल्या की जातात, हा आत्याचा हिशेब जसाच्या तसा बरोबर.

आणि त्या जायच्या पाडव्याच्या आसपास, काही थवे थोडं मागून. पाडव्याला आमच्याकडं सालगड्याचं साल संपतं, नवा गडी ठरतो, जुना आपलं बिऱ्हाड उचलतो. घरात ती गडबड असायची आणि एखाद्या संध्याकाळी आत्या दारातूनच सांगायची, “नाला गप झाला.” कुणी लक्ष द्यायचं नाही. नव्या गड्याची उचल किती, यावर वडील आणि चुलते बोलत असायचे. शेजारची म्हातारी एकदा म्हणाली, “माहेराला गेल्या असतील बाळंतपणाला.” आत्या फटकन म्हणाली, “तिथं जाऊन ऱ्हावं की मग. माहेरी काय खायला मिळत न्हाई?” म्हातारी हसली. आत्या हसली की नाही, ते आठवत नाही.

त्यांचं माहेर खरंच लांब आहे. कझाकस्तान, मंगोलिया, पश्चिमेला पार काळ्या समुद्रापर्यंतचा गवताळ प्रदेश. तिथं दगडांच्या कपारींत, ढिगांत त्यांच्या वसाहती बसतात आणि पिल्लं वाढतात ती टोळ आणि नाकतोड्यांवर. चीनमधल्या शिनजियांगात टोळांचा बंदोबस्त करायला लोकांनी गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकापासून भोरड्यांसाठी मुद्दाम दगडांची घरटी रचली. पिल्लं उडती झाली की त्या माघारी फिरतात आणि जुलै-ऑगस्टात आमच्याकडं हजर. वर्षातले आठ-नऊ महिने इथं काढणाऱ्या पाखराला पाहुणा तरी कसं म्हणावं?

हे सगळं मी मोठ्या उत्साहानं आत्याला सांगितलं होतं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “बांधू दे घरं. त्यांच्यात ज्वारी नसंल.”

आमच्यातही राहिली नाही. इसापूरच्या धरणाचं पाणी कालव्यानं फिरलं, विहिरींना पाझर लागला आणि अर्धापूर केळीचं झालं. इथल्या केळीच्या वाणाला अर्धापुरी हे नाव आहे. हंगामात ट्रक भरून उत्तरेला जातात. सोबत हळद, ऊस. कोरडवाहू तुकड्यात सोयाबीन, त्यामागं हरभरा. यात कुणाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. केळीनं आमच्या घरावर स्लॅब टाकला, माझी फी भरली. ज्वारीनं तेवढं कधीच दिलं नसतं. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हा आमच्या घरी ज्वारीचं पीठ नांदेडहून पिशवीत येत होतं.

केळीच्या बागेत आत्याला काम नव्हतं. केळीला पाखरं हाणावी लागत नाहीत. ती बागेच्या कडेनं चालायची, पानांतून आभाळ नीट दिसत नाही म्हणून कुरकुरायची. माळ्याच्या मेढी गोठ्याला लागल्या. गोफण खुंटीला राहिली आणि मग खुंटीलाही राहिली नाही.

ती गेली भर पावसाळ्यात. दहाव्याला आसनेच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. सगळे लांब जाऊन उभे राहिले. वडील पुढं झाले, हात जोडून काहीबाही कबूल केलं. चुलत्यांनी केलं. कावळे समोरच्या बाभळीवर होते, येत नव्हते. तिची इच्छा काय राहिली असेल, याची कुजबुज सुरू झाली. दागिना नव्हता, लेकरू नव्हतं, तीर्थयात्रा झालेली. मागून आमचा जुना सालगडी पुटपुटला, “जलमभर पाखरं हाणली. आता येतील कशी?” त्या जागीही दोघं-तिघं हसले. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला. मला तेव्हा हसू आलं नाही, पण आज तिची आठवण काढायला बसलो की सगळ्यात आधी ते वाक्य येतं आणि हसूही येतं.

भोरड्या अजून येतात. माघ-फाल्गुनात नांदेडहून गावाकडं जाताना रस्त्याकडेच्या काटेसावरीवर दिसतात, विजेच्या तारांवर दिसतात. मी गाडी थांबवून बघतो. रंग कुठवर आलाय ते बघतो. पण कुठल्या संध्याकाळी गेल्या, ते मला एकाही वर्षी सांगता आलेलं नाही. त्यासाठी रोज नाल्याकडं कान लागतो, आणि ज्याचं काही नुकसान होत नाही त्याचा तो लागत नाही.

गेल्या दिवाळीत चुलत भावाला म्हटलं, खालच्या तुकड्यात ह्या साली टाळकी पेर. घरच्यापुरती होईल, कडबाही होईल. तो म्हणाला, “पेरलो असतो. पन सगळ्या शिवारात एकट्याचीच ज्वारी असली की पंचक्रोशीतली पाखरं त्याच्याच रानात. कणीस ऱ्हात न्हाई. हाणायचं कोण? तू येतो का?”

मी म्हटलं, येतो की. पण गोफणीला अंबाडी कुठून आणायची?

“नायलॉनची दोरी घे,” तो म्हणाला. “मोंढ्यात मिळती.”