मोजपट्टीचे वय

टेनिसमधील थोरवी आज बहुधा एका आकड्यात सांगितली जाते, आणि तो आकडा म्हणजे ऑस्ट्रेलियन, फ्रेंच, विम्बल्डन व अमेरिकन या चार प्रमुख, अर्थात ग्रँड स्लॅम, स्पर्धांतील एकेरीच्या विजेतेपदांची संख्या. जोकोविच २४, नदाल २२, फेडरर २० हा हिशेब शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असतो. परंतु ही मोजपट्टी खेळाइतकी जुनी नाही, आणि १९८०च्या दशकात दूरदर्शनवर विम्बल्डनची अंतिम लढत पाहत वाढलेल्या मराठी प्रेक्षकाच्या तर ती डोळ्यांदेखत रुजली.

त्या प्रेक्षकाच्या लेखी विम्बल्डन म्हणजेच टेनिस होते, कारण एरवी हा खेळ त्याच्यापर्यंत पोहोचे तो मुख्यतः वर्तमानपत्राच्या क्रीडापानावरून. म्हणूनच १९८५ मध्ये सतराव्या वर्षी विम्बल्डन जिंकणारा, चेंडूसाठी हिरवळीवर अंग झोकून देणारा बोरिस बेकर त्याच्या मनात घर करून राहिला, आणि बेकरहून दोन अधिक, म्हणजे आठ ग्रँड स्लॅम विजेतेपदे मिळवूनही विम्बल्डन कधीच न जिंकलेला इव्हान लेंडल त्याला कायम उणाच वाटला. खुद्द खेळाडूंनाही बेरजेची फारशी फिकीर नव्हती: अकरा विजेतेपदे मिळवणारा ब्योर्न बोर्ग ऑस्ट्रेलियन स्पर्धेत उभ्या कारकिर्दीत एकदाच खेळला. १९६८ पूर्वी या स्पर्धा फक्त हौशी, म्हणजे खेळातून उघडपणे पैसा न घेणाऱ्या, खेळाडूंसाठी असत. त्यामुळे १९६२ आणि १९६९ अशा दोन वर्षी चारही स्पर्धा जिंकणारा रॉड लेव्हर मधली पाच वर्षे व्यावसायिक म्हणून बाहेर राहिला, तर हौशीच राहिलेल्या रॉय एमर्सनच्या खात्यावर बारा विजेतेपदे जमा झाली. पीट सॅम्प्रस त्या बाराच्या जवळ येऊन २००० मध्ये पुढे गेला, तोवर एमर्सनचा विक्रम कोणाच्या बोलण्यातही फारसा नव्हता.

पुढे केबल आली, चारही स्पर्धा घरबसल्या दिसू लागल्या आणि आकडा सर्वमान्य झाला. सर्वमान्य म्हणजे आपल्या खेळाडूच्या सोयीचा असेपर्यंत. २००९ मध्ये फेडररने सॅम्प्रसच्या चौदा विजेतेपदांना मागे टाकले तेव्हा वाद मिटल्याचे सांगणारे त्याचे चाहते, २०२२च्या जानेवारीत नदालने एकविसावे विजेतेपद पटकावताच शैलीविषयी बोलू लागले. नदालचे चाहते परस्परांतील लढतींचा २४–१६ हा हिशेब पुढे करतात. त्यावर फेडररचे चाहते दाखवून देतात की क्ले कोर्टवर, म्हणजे मातीच्या मैदानावर, तो १४–२ असा आहे आणि इतरत्र फेडररच १४–१० असा पुढे आहे. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. फक्त निवाडा आधी झालेला असतो, पुरावा मागाहून गोळा होतो.

या बाबतीत २०१९च्या विम्बल्डन अंतिम लढतीइतका बोलका दाखला दुसरा नाही. पाचव्या सेटमध्ये ८–७ अशी आघाडी, सर्व्हिस फेडररची, गुण ४०–१५, म्हणजे विजेतेपदासाठी दोन संधी. पहिल्या वेळी त्याचा फोरहँड बाहेर गेला, दुसऱ्या वेळी तो नेटकडे धावला आणि जोकोविचने चेंडू तिरका त्याच्या बाजूने काढला. संपूर्ण सामन्यात फेडररने २१८ गुण मिळवले, जोकोविचने २०४. चषक मात्र जोकोविचकडे गेला. एका बाजूचा चाहता येथे मनाचा कणखरपणा पाहतो, दुसऱ्या बाजूचा हळहळतो, आणि मोजपट्टीवर तेवढी एक रेघ वाढते.

त्या रेघेत काय मावत नाही, हे मोनिका सेलेसच्या बाबतीत सर्वाधिक बोचते. वयाची वीस वर्षे पूर्ण होण्याआधीच तिच्याकडे आठ ग्रँड स्लॅम विजेतेपदे होती. ३० एप्रिल १९९३ रोजी हॅम्बुर्गमध्ये, खेळाच्या मधल्या विश्रांतीत ती खुर्चीवर बसलेली असताना, स्टेफी ग्राफ पुन्हा अव्वल क्रमांकावर यावी म्हणून तिच्या एका चाहत्याने सेलेसच्या पाठीत सुरा खुपसला. दोन वर्षांहून अधिक काळ सेलेस खेळापासून दूर राहिली आणि परतल्यावर तिला आणखी एकच ग्रँड स्लॅम जिंकता आले. ग्राफच्या बावीस विजेतेपदांपैकी अकरा त्या दिवसानंतरची आहेत. त्यात ग्राफचा तिळमात्र दोष नाही, आणि यादीत ती अकरा आधीच्या अकरांहून वेगळी छापलीही जात नाहीत.