माणूस कोणाचा?

'कामगार कायद्यांची अंमलबजावणी' असा विषय संपादकांनी फोनवर दिला आणि त्याच दमात विचारलं, "आमच्या मावशींना ती भांडी मिळतील का हो?" कामगार खात्यात नोकरी केलेल्याला हल्ली लोक एवढंच विचारतात. भांडी, पेटी, शिष्यवृत्ती हा बांधकाम कामगार मंडळाचा प्रांत. बांधकाम खर्चावरच्या एक टक्का उपकरातून ते मंडळ चालतं. नोंदणीला वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. ज्यानं कधी घमेलं उचललं नाही त्याला तो मिळतो आणि खऱ्या सेंट्रिंगवाल्याला मिळत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आमचं काम मजुरी, जादा तासांचा दुप्पट दर, सुरक्षा, अपघाताची भरपाई. तिथं पहिला प्रश्न येतो तो 'माणूस कोणाचा?' हा. बिल्डर म्हणतो ठेकेदाराचा, ठेकेदार म्हणतो पोटठेकेदाराचा, तो मुकादमाकडे बोट दाखवतो, आणि मुकादम नेमका गावी गेलेला असतो. वास्तविक हा प्रश्न 1923 च्या भरपाई कायद्यानंच निकालात काढला होता. त्याचं कलम 12 सांगत होतं की भरपाई मूळ मालकानं द्यायची, मग हवं तर ठेकेदाराकडून वसूल करायची. म्हणूनच आता कोणी 'आमचा नाही' यावर थांबत नाही. 'तो कामावर नव्हताच' असं म्हणतात.

पुण्याजवळच्या एका साइटवर तीस वर्षांचा मजूर बाराव्या मजल्यावरून पडला. परांचीला जाळी नव्हती. निवृत्तीनंतर मी एका संघटनेला सल्ला देतो, म्हणून कागद माझ्याकडे आले. मस्टरवर तीन महिन्यांची हजेरी एकाच पेनानं, एका बैठकीत लिहिलेली. सिमेंटचा डाग नाही, घामाचा नाही. मयताचं नाव नाही. तो मावसभावाला भेटायला आला होता म्हणे. बाराव्या मजल्यावर, हातात हातोडा घेऊन!

शवागाराबाहेर बायकोला दोन लाख रोख दिले आणि स्टॅम्पपेपरवर अंगठा घेतला. "मिटलं की मग," असं चांगले शिकलेले लोकही म्हणतात. नाही मिटत. हक्क सोडल्याचा असा करार 1923 च्या कायद्याच्या कलम 17 नुसार रद्दबातल ठरायचा, आणि मृत्यूची भरपाई कलम 8 नुसार आयुक्तांकडेच भरावी लागायची. महिन्याची मजुरी 15,000 च्या वर असली तरी हिशेबाला तेवढीच धरायची. तिचे निम्मे 7,500, गुणिले तिसाव्या वर्षाचा गुणक 207.98. होतात 15,59,850 रुपये. हा गुणाकार मी कितीतरी सभांत फळ्यावर करून दाखवलाय. लोक जांभया देतात.

जाळी आहे की नाही हे आधीच बघायचं ते इन्स्पेक्टरनं. इन्स्पेक्टर म्हटलं की लोकांना हप्ता आठवतो. घेणारे होते, नाही म्हणत नाही. पण निरीक्षकानं न कळवता, केव्हाही आत शिरावं हा आंतरराष्ट्रीय करार भारतानं 1949 मध्ये मान्य केलाय. आता भेटीची यादी संगणक काढतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांत निरीक्षकाचा 'निरीक्षक-नि-सुविधाकार' झालाय. वेतन संहितेप्रमाणे खटल्याआधी मालकाला चूक सुधारायची संधी द्यायची. मजुरी थकली तर ठीक. पडलेल्या माणसाच्या बाबतीत काय सुधारायचं, ते मला समजलेलं नाही.

त्या मजुराच्या दाव्यात आमच्या हाती पुरावा एकच, मुकादमाची खर्चीची वही. साइटवरचा खरा हिशेब तिच्यातच असतो. दर आठवड्याला कोणाला किती खर्ची दिली, ते पेन्सिलीनं लिहिलेलं. मयताचं नाव अकरा आठवडे सलग आहे. बिल्डरच्या वकिलांनी मागच्या तारखेला हरकत घेतली की मुकादम आमचा माणूस नाही, सबब त्याची वही आमच्यावर बंधनकारक नाही.