वाशिष्ठीकाठचं जेवण

चिपळूण, मे महिना. गोवळकोटच्या बाजूला नदीकाठी एका खानावळीत जेवलो. प्लास्टिकच्या खुर्च्या, फिकट पाटी. फारशी अपेक्षा नव्हती. ताट आलं आणि गप्प झालो. रव्यात घोळवलेली बोय, कड कुरकुरीत, काट्यालगतचं मांस मऊसूत. बांगड्याच्या कालवणात तिरफळ. जिभेला हलकी झिणझिणी आली, ती सोलकढीनं निवली. सुरमई विचारली, तर मालकीणबाई म्हणाल्या, "आज चांगली नाही आली, घेतलीच नाही." तिथेच मी त्यांचा झालो.

समोर वाशिष्ठी भर उन्हाळ्यातही वाहती. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून येतं, वीज करून इकडे उतरतं. हीच नदी २२ जुलै २०२१ ला चिपळुणात शिरली होती. भिंतीवर त्या पुराची रेघ अजून आहे, माझ्या डोक्याच्याही वर.

शहरात आपण जेवणाआधी सजावट पाहतो. लहान गावात रोज तीच माणसं जेवायला येतात. शिळी मासळी एकदा वाढली, तर दुपारपर्यंत गावभर होतं. तिथली चव अशा धाकातून टिकते, आणि तो धाक कुठल्याही जाहिरातीपेक्षा भरवशाचा वाटतो.