आठ की नऊ?

माणसे मोजण्याचे प्रसंग संसारात वारंवार येतात. पंगतीची पाने मांडताना माणसे मोजावी लागतात, लग्नाची गाडी सुटण्यापूर्वी मोजावी लागतात आणि घरी पाहुणे वाढले की रात्री अंथरुणे घालतानाही मोजावी लागतात. पण पोरे मोजणे ही या सगळ्यांहून निराळी विद्या आहे. मोठे माणूस एकदा मोजले की मोजल्या जागी राहते. पोर मोजले की तिथून हलते आणि न मोजलेल्यांत जाऊन उभे राहते. त्यामुळे कधी एक वाढते, कधी एक घटते. वाढले तर हसू येते. घटले तर पोटात गोळा उठतो.

ही विद्या मला दोन वाटांनी मिळाली. एक म्हणजे माझा मास्तरकीचा धंदा. दुसरी वाट आजोळची. माझे आजोळ मालवणचे, आणि बिऱ्हाड गिरगावात. मुंबई आणि मालवण यांच्या मध्ये तेव्हा आगगाडी नव्हती. कोकण रेल्वे संपूर्ण सुरू झाली ती २६ जानेवारी १९९८ ला. त्याआधीच्या पिढ्यांचा राजरस्ता म्हणजे समुद्र, आणि वाहन म्हणजे बोट. ही बोट माझ्या नशिबी आली नाही. मी कळता होईपर्यंत तिचा जमाना सरत आला होता. तरी ती मला इतकी ठाऊक आहे की एखाद्याने मला अपरात्री उठवून विचारले, तर वरच्या डेकवर वाऱ्याची बाजू कोणती ते मी सांगेन! आई, मामा आणि मावशी यांनी मिळून मला त्या बोटीतून इतक्या वेळा नेले आहे.

वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी ही बोट अशीच नांगरलेली असेल. मे महिन्याची सुटी लागली की भाऊच्या धक्क्यावर अर्धे गिरगाव, परळ आणि लालबाग लोटायचे. पत्र्याच्या ट्रंका, वळकट्या, फिरकीचे तांबे, आंब्यासाठी नेलेल्या रिकाम्या करंड्या आणि या सगळ्यांच्या वर, खाली व मध्ये पोरे. बोटीवर पाय ठेवला की पहिले काम जागा धरण्याचे. केबिन वगैरे चोचले फार थोड्यांना परवडत. बाकीच्यांची राहती जागा म्हणजे डेकवर पसरलेली सतरंजी. सतरंजीची चार टोके हीच त्या बिऱ्हाडाची हद्द, आणि शेजारच्या सतरंजीशी दुपारपर्यंत भांडण व संध्याकाळपर्यंत सोयरीक, असा त्या प्रवासाचा शिरस्ता होता.

दशम्या आणि लसणीची चटणी सुटायची ती बोट बंदराबाहेर पडल्यावर. पण समुद्र जरा उचलू लागला की खाणाऱ्यांची संख्या घटू लागे. 'बोट लागणे' हा आपल्या भाषेतला एक अजब शब्दप्रयोग आहे. ऊन लागते, भूक लागते, दृष्ट लागते, तशी बोट लागते. ज्याला लागली त्याला आकाश आणि पाणी एकच होते. मग लिंबू हुंगा, आवळासुपारी चघळा, डोळे मिटून पडा, असे सल्ले शेजारच्या सतरंज्यांवरून येत; आणि सल्ला देणारा अर्ध्या तासाने स्वतःच कठड्याकडे धावे.

बोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी अशी एकेक बंदर घेत खाली सरके. बहुतेक ठिकाणी ती धक्क्याला लागत नसे. दूर पाण्यात उभी राहायची. किनाऱ्यावरून पडाव यायचे आणि माणसे हलत्या बोटीतून हलत्या पडावात उतरायची. लाट पडावाला वर उचलून आणी त्या नेमक्या क्षणी खलाशी पोराला दंडाला धरून खाली सोडी आणि पडावातला दुसरा त्याला झेली. भाजीवाल्याने कलिंगडे उतरवावीत तशी पोरे उतरवली जात. माझ्या आजीची मोजणी इथे सुरू होई. पोरे तोंडाने मोजू नयेत, दृष्ट लागते, अशी तिची समजूत. म्हणून ती एकेकाच्या डोक्यावर बोट टेकवीत मनातल्या मनात मोजायची आणि शेवटी मोठ्याने एवढेच विचारायची, "सगळी आसत मां?"

आता माझ्या आजोळचा वाद सांगतो. दर भाऊबीजेला फराळाची ताटे पुढे आली की तो निघतोच. वाद १९६८ च्या मे महिन्यातल्या एका बोटप्रवासाचा. त्या खेपेला बोटीवर आपण पोरे किती होतो? मोठी माणसे चार, याबद्दल दुमत नाही : आजी, आजोबा, आणि आईचे काका-काकू. पण पोरांचा आकडा जुळत नाही. थोरला मामा म्हणतो सात. आई म्हणते आठ. धाकटी मावशी म्हणते नऊ. कोणती बोट, यावरही एकमत नाही. चौगुले कंपनीच्या 'कोकणसेवक' आणि 'कोकणशक्ती' या दोन बोटींची नावे आळीपाळीने पुढे येतात. पण तो वाद चकलीबरोबर संपतो. पोरांचा संपत नाही.

मामाच्या सातांचा उलगडा सोपा आहे. तो मांडीवरचे मूल धरत नाही. "तिकीट नाही त्याला मोजायचं कशाला?" असा त्याचा रोखठोक व्यवहार. आई मांडीवरचे मूल धरते, म्हणून आठ. आणि ते मांडीवरचे मूल म्हणजेच धाकटी मावशी! तेव्हा ती दीड वर्षाची होती. म्हणजे या प्रवासातले जिला काडीमात्र आठवत नाही ती नऊ म्हणते, आणि तेही छातीठोकपणे. तिची थट्टा होते ती यामुळेच. "तू झोपली होतीस, तुला काय ठाऊक?" असे मामाने म्हणायचे आणि मावशीने लाडू मोडत म्हणायचे, "झोपले होते, पण कुणाच्या तरी मांडीवर झोपले होते ना?"

ती मांडी ज्याची, तो नववा.

तो मालवणचाच, आजोळच्या घरामागच्या वाडीतला एक पोर. आदल्या वर्षी आजी त्याला मुंबईला घेऊन आली होती, लहान मूल सांभाळायला. वय नऊ किंवा दहा. त्याचे नाव मी विचारले तर तिघांनी तीन नावे सांगितली. पण बाकीचे सारे त्यांना लख्ख आठवते. त्याला बोट लागत नसे. सगळे आडवे पडले की तो फिरकीचा तांब्या घेऊन एकेकाला पाणी पाजत फिरे. खलाशांशी त्याची ओळख लगेच होई. त्यांना विचारून तो येई आणि अंधारात लुकलुकणारा दिवा दाखवून सांगे, हा जयगडचा. मामाने आयुष्यात पहिला दीपस्तंभ पाहिला तो त्या मुलाच्या बोटाच्या टोकाशी, हे मामा स्वतः सांगतो. आणि तरीही मोजायला बसला की सात म्हणतो!

मालवणला बोट पोचली ती रात्री. समुद्र खवळलेला. मावशी अनोळखी हातात गेली की आकांत करायची, म्हणून आधी त्या मुलाला पडावात उतरवले आणि मग खलाशाने मावशीला वरून त्याच्या हातांत दिले. तो पडावाच्या नाळेशी तिला मांडीवर घेऊन बसला. आजीने उतरल्यावर एकेका डोक्याला बोट लावले. सात झाली. आठवी त्या मुलाच्या मांडीवर होती. आजीचे बोट तिच्या टाळूवर टेकले आणि तिथेच थांबले. "सगळी आसत," आजी म्हणाली, आणि पडाव सुटला.

हे आजीनेच पुढे मावशीला सांगितले. कितीदा सांगितले याचा हिशेब नाही. "तुका त्या पोरान उतरयली," असे ती म्हणायची. मावशीचा नऊ हा आकडा तिथून आला.

वाद कदाचित असाच चालू राहिला असता. पण काही वर्षांपूर्वी आजोबांची जमाखर्चाची वही माळ्यावर सापडली. आजोबा एका पेढीवर कारकून होते. काडेपेटीचाही खर्च लिहीत. त्या वहीत मे महिन्याच्या पानावर त्यांच्या घोटीव मोडी वळणाच्या बाळबोध अक्षरात लिहिले होते : बोट, पूर्ण ४, अर्धी ८.

आम्ही सगळ्यांनी बोटे घातली. घरची पोरे आठ, त्यातले एक मांडीवरचे, म्हणजे बिनतिकिटाचे. उरली सात. त्यांतही थोरल्या मामाचे वय लहान सांगून, त्याला मान खाली घालून उभे राहायला लावून अर्धे तिकीट काढले होते, हे त्याने हसत कबूल केले. तरी अर्धी तिकिटे सातच व्हायला हवीत. आठवे अर्धे तिकीट त्या मुलाचे. तिकीटखिडकीतल्या कारकुनाने त्याच्याकडे पाहिले, आणि त्याला दिसले ते एक लहान मूल. त्याने अर्धे तिकीट फाडले. घराने ज्याला पोरांत मोजले नाही, त्याला कंपनीने मोजले होते.

जूनच्या आरंभी, पावसाळ्यासाठी बोटी बंद होण्याआधी, मंडळी परतली. त्या पानावर लिहिले आहे : पूर्ण ४, अर्धी ७.

वही मिटल्यावर थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग मामा म्हणाला, "अरे, पण त्याला आम्ही घरातलाच समजत होतो."

मावशी म्हणाली, "मग मोज की दादा."

समुद्रावरच्या मोजणीचा इतिहास तसा क्रूर आहे. टायटॅनिक १९१२ साली बुडाली. तिच्या ब्रिटिश चौकशीच्या अहवालात मुलांचे आकडे वर्गवार मांडले आहेत. दुसऱ्या वर्गातली २४ मुले, सगळी वाचली. तिसऱ्या वर्गातली ७९, वाचली २७. मुले तीच, समुद्र तोच. डेक तेवढा निराळा. आपल्याकडे १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. टायटॅनिकनंतर समुद्रावरच्या सुरक्षिततेसाठी १९१४ साली आंतरराष्ट्रीय करार झाला आणि पुढे तो वेळोवेळी सुधारला गेला. आजचा त्याचा नियम असा, की प्रवासी जहाज सुटण्यापूर्वी त्यावरचे प्रत्येक माणूस मोजले गेले पाहिजे. मुलांच्या मापाची जीवरक्षक जाकिटे प्रवाशांच्या निदान दहा टक्के हवीत, आणि मुले त्याहून अधिक असतील तर प्रत्येक मुलामागे एक. या नियमात घरचे मूल, कामाचे मूल असा भेद नाही. मूल म्हणजे मूल. इतकी साधी गोष्ट कागदावर यायला केवढी किंमत मोजावी लागली!

मला हा नियम आवडतो, कारण तो माझ्या धंद्याचा आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेली. मालवणच्या किनाऱ्यावरून होडीने जावे लागते. माझ्या यादीत ४१ नावे होती. पण स्वयंपाकाला आलेल्या बाईंनी आपली सात-आठ वर्षांची मुलगी बरोबर आणली होती. ती आमच्या शाळेत नाही, तिचे नाव माझ्या हजेरीत नाही. होडीवाल्याने विचारले, "मास्तर, पोरां किती?" मी म्हटले, "बेचाळीस." मॉनिटर जागरूक. तो कानाशी येऊन कुजबुजला, "सर, एक्केचाळीस." मी त्याला यादी खिशात घालायला सांगितली आणि डोकी मोजायला लावली. त्याने मोजली, पुन्हा मोजली आणि म्हणाला, "बेचाळीसच आहेत सर." त्या मुलीला जाकीट मोठे होत होते. त्याच मॉनिटरने तिच्या नाड्या दोनदा आवळून बांधल्या.

होडी सुटली तेव्हा उजव्या हाताला मोकळे पाणी दिसत होते. ५०-५५ वर्षांपूर्वी एका मे महिन्याच्या रात्री अशाच कुठल्या तरी पाण्यावरून एक पडाव किनाऱ्याकडे गेला होता. नाळेशी बसलेल्या त्या मुलाला घर दिसत असणार. वर्षभराने तो आईला भेटणार होता. आमच्या घराच्या आठवणीत त्याची तहान, त्याची झोप, त्याची घाई कुठेच नाही. आहेत ते फक्त त्याचे हात, पाणी देणारे, दिवा दाखवणारे, मूल झेलणारे.

आजोळच्या वादाचे पुढे काय झाले, ते सांगून संपवतो. आई आता नऊ म्हणते. मावशी तर आधीपासूनच म्हणत होती. मामा सत्तरीच्या घरात आहे. तो अजून नऊ म्हणत नाही. गेल्या भाऊबीजेला आईने ओवाळून झाल्यावर भाच्याच्या लहान मुलीने मुद्दामच विचारले, "आजोबा, बोटीवर मुलं किती होती?" मामाने करंजी खाली ठेवली. बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "आठ. आणि तो."

मावशी काही बोलणार होती, पण आईने तिला खुणेने थांबवले. मामाचा हिशेब सातावरून इथवर यायला पन्नासहून अधिक वर्षे लागली होती.